एक शेड, चार जुन्या मोटरी: धायरीतलं एक प्रकरण

प्रकरण असं. निवृत्त टूलरूम फिटर, पुण्यात धायरीला बैठं घर, मागच्या अंगाला दहा बाय आठची पत्र्याची शेड. सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत झालेली, त्यामुळे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांना लाकूड फिरवून कातायचा छोटा लेथ करायचा होता. लाटणी, भोवरे, पटाश्यांच्या मुठी, जमलंच तर पोळपाट. जोडीला एक डिस्क सँडर, म्हणजे लाकूड घासायची फिरती चकती, आणि धार लावायचं चाक. अट एकच, आता आणखी मोटर विकत आणायची नाही.

हे गृहस्थ म्हणजे माझे मामा. मी एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे, त्यामुळे बोलावणं मला आलं. शेडमध्ये फळीवर चार मोटरी मांडून ठेवलेल्या होत्या. मामींच्या जुन्या मिक्सरची, वर ७५० वॅट लिहिलेली. मावशीच्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमधली, धुण्याच्या बाजूची. एका रविवारी जुन्या बाजारातून उचलून आणलेली फ्रंट-लोड मशीनची. आणि शेजाऱ्यांनी काढून टाकलेल्या जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या घरघंटीची एक एचपीची मोटर. ही ‘चालत नाही’ म्हणून फुकट मिळालेली.

मामांच्या डोक्यात वाटप पक्कं होतं. “मिक्सरची लेथला लावू. साडेसातशे वॅट म्हणजे एक एचपी झाला की नाही? फ्रंट-लोडची धारेच्या चाकाला. वॉशिंग मशीनची सँडरला. घरघंटीची बंद आहे, ती भंगारात.”

त्यातलं फक्त सँडरचं वाटप टिकलं, तेही रडतखडत. जी भंगारात जाणार होती ती आज लेथ चालवते.

माझं मत मी तेव्हाच सांगितलं आणि आजही तेच आहे. घरगुती उपकरणातली मोटर एकटी काम करत नसते. तिला विश्रांती कधी द्यायची, थंड कशानं ठेवायची, किती लोड येऊ द्यायचा, कुणाचा हात कुठपर्यंत पोचू द्यायचा, हे सगळं त्या उपकरणानं सांभाळलेलं असतं. आपण स्क्रू काढून मोटर तेवढी उचलतो आणि ही व्यवस्था मागे टाकून येतो. मग लेथ करायचा म्हणजे ती व्यवस्था नव्यानं उभी करायची. मोटर फुकट मिळते, ही व्यवस्था मिळत नाही.

साडेसातशे वॅटचा एक एचपी

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, इथपर्यंत मामांचं गणित बरोबर. पण वॅट म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले स्पीड. मिक्सरची मोटर ही ताकद १८,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरून देते. घरघंटीची मोटर तेवढीच ताकद १,४४० ला देते. कागदावर मांडलं तर १,४४० ला एक एचपी म्हणजे शाफ्टवर जवळजवळ ५ न्यूटन-मीटर टॉर्क. मिक्सरकडे १८,००० ला जेमतेम ०.४. त्यातही मिक्सरवरचे ७५० वॅट हे आत जाणाऱ्या विजेचे असतात, तर मोटरच्या नेमप्लेटवरचा एचपी शाफ्टवर मिळणारा असतो. म्हणजे ०.४ सुद्धा पूर्ण मिळणार नाही.

मामा फिटर माणूस, लगेच म्हणाले, “मग पुलीनं स्पीड उतरवू.” उतरवू शकतो. पण १८,००० चे १,४४० करायचे तर साडेबारा पट उतार लागतो. मोटरवर दीड इंची पुली घेतली तर समोर जवळजवळ १९ इंची चाक बसवावं लागेल. शेडमध्ये मग दुसरं काही ठेवायला नको. शिवाय मिक्सरच्या बुडाखाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद. एक लाटणं कातायला त्याहून जास्त वेळ सलग लागतो. चटणीला पुरणारी मोटर लाकडाला तासभर पुरणार नाही, याचं कारण तिच्या बुडाखालीच छापलेलं होतं.

धारेच्या चाकाबद्दल मात्र मला आवाज चढवावा लागला. सहा इंची ग्राइंडिंग व्हील मिक्सर किंवा फ्रंट-लोडच्या शाफ्टवर थेट बसवायचा विचार पुष्कळ लोक करतात. मिक्सरचं गणित बघा. दीडशे मिलिमीटरचं चाक १८,००० ला फिरलं तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १४० मीटरच्या वर जातो. साध्या चाकांवर कमाल वेग छापलेला असतो, तो बऱ्याचदा ३५ मीटर असतो. दीडशे मिलिमीटरच्या चाकाला ३५ मीटर म्हणजे सुमारे ४,४५० आरपीएम. आपण चौपट फिरवतोय. आणि चाकाला फाडणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे सोळापट. चाक फुटेल का, हा प्रश्नच उरत नाही. फुटेल तेव्हा समोर कोण उभं असेल, एवढंच शिल्लक राहतं.

मिक्सरची मोटर आम्ही कशालाच वापरली नाही. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेकडे ई-कचऱ्यात दिली.

फ्रंट-लोडचा मोह

ही मोटर दिसायला देखणी. अॅल्युमिनियमची बॉडी, शाफ्टवरच बारीक खाचांची पुली, आणि प्लगमधून निघालेल्या बऱ्याच वायरी. दोन ब्रशच्या (फिरत्या भागाला टेकून वीज देणारे कार्बनचे तुकडे), फील्डच्या (बाहेरच्या स्थिर गुंडाळीच्या) दोन किंवा तीन, टॅकोच्या दोन, कधी थर्मल कटआउटच्याही दोन. जातीनं ही मिक्सरचीच बहीण, म्हणजे ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर. फील्ड आणि आर्मेचर (आत फिरणारा भाग) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, जोडले की एसीवर चालते, आणि चालते म्हणजे सुसाट सुटते. सिरीज मोटरला लोड नसेल तर स्पीडला स्वतःहून लगाम नसतो. बाकावर नुसती ठेवून थेट २३० व्होल्ट दिले तर ती उडी मारते आणि आवाज चढतच जातो. असे प्रयोग करायचेच असतील तर मोटर आधी व्हाइसमध्ये आवळावी आणि सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब घ्यावा.

मशीनमध्ये असताना तिचा लगाम म्हणजे टॅको आणि कंट्रोल बोर्ड. टॅको मोटर किती फिरतेय ते सांगतो, बोर्ड त्यानुसार वीज कमी-जास्त करतो. डिमर लावून हे काम होत नाही. डिमरनं स्पीड उतरतं खरं, पण पटाशी लाकडाला टेकली की मोटर बसते आणि पटाशी उचलली की पळते. टॅको वाचणारे तयार बोर्ड मिळतात, टीडीए१०८५ ही आयसी त्यासाठीच ओळखली जाते. ते लावून लोकांनी बरे लेथ केलेत, हे मला मान्य आहे. पण दोन गोष्टी उरतात. मशीनमध्ये या मोटरसमोर भलं मोठं चाक असतं, तो उतार दिल्याशिवाय ती कमी स्पीडला ताकद देत नाही. आणि ब्रशच्या ठिणग्या. लाकडाचा बारीक भुसा, उघडी बॉडी, आत ठिणग्या आणि बंद शेड. मी नको म्हणालो. मामांनी ती कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. टाकली नाही, याची नोंद घ्यावी.

घरघंटी उघडली

नेमप्लेट पिठानं भरलेली होती. ओल्या फडक्यानं पुसल्यावर दिसलं: एक एचपी, सिंगल फेज, १,४४० आरपीएम, ड्यूटी एस१. हे ‘एस१’ बघून मला खरा आनंद झाला. त्याचा अर्थ मोटर पूर्ण लोडवर सलग चालवायला केलेली आहे. मिक्सरच्या ‘पाच मिनिटं-दोन मिनिटं’च्या हे बरोबर उलट. (घरघंटीची मोटर म्हणून डोळे झाकून घेऊ नका. काही घरघंट्यांत २,८८० वाली असते. प्लेट वाचा.)

आधी बल्ब टेस्ट. वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) आणि बॉडी यांच्यात सिरीज बल्ब लावला, पेटला नाही. मग कारखान्यातून आणलेला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, रीडिंग कित्येक मेगाओहम आलं. म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन शाबूत आहे. मग वीज दिली. मोटर हुंकारली, जागची हलली नाही. लगेच बंद केली, कारण अडलेल्या अवस्थेत मोटर नेमप्लेटच्या कितीतरी पट करंट ओढते आणि मिनिटांत जळते.

पुढची चाचणी जुने वाइंडिंगवाले करतात ती. शाफ्टला सुतळीचे दोन-तीन वेढे द्यायचे, ओढून फिरवायचं, सुतळी सुटली की त्याच क्षणी स्विच. मोटर पकडली आणि छान फिरत राहिली. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अरे, ही तर चालू आहे!” चालू होतीच. तिला फक्त सुरू होता येत नव्हतं.

सिंगल फेज मोटरचं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. थांबलेली मोटर मेन वाइंडिंग एकट्यानं फिरवू शकत नाही, ते नुसतं मागेपुढे ढकलतं. सुरुवातीचा वळसा द्यायला दुसरं, स्टार्टिंगचं वाइंडिंग असतं. त्याच्या सिरीजमध्ये कॅपॅसिटर, ज्याला बाजारात सगळे कंडेन्सर म्हणतात, आणि एक सेंट्रिफ्यूगल स्विच. मोटर सुमारे तीन चतुर्थांश स्पीडला पोचली की शाफ्टवरची वजनं बाहेर फेकली जातात, स्विच उघडतो आणि स्टार्टिंगची वाट तुटते. हात देऊन मोटर फिरतेय म्हणजे मेन वाइंडिंग ठीक. बिघाड बहुधा कंडेन्सरमध्ये, नाहीतर या स्विचमध्ये.

कंडेन्सर हातात घेण्याआधी त्याची दोन टोकं बल्बमधून जोडून रिकामा केला. वीज काढल्यावरही तो झटका देतो आणि झटक्यापेक्षा हात मागे खेचताना होणारी जखम मोठी असते. त्याचं बूड फुगलेलं होतं. तो गेलाच. पण मागची एंडशील्ड (मोटरचं टोकाचं झाकण) काढल्यावर खरी गंमत दिसली. सेंट्रिफ्यूगल स्विचच्या पत्तीवर पीठ. साधं उडालेलं नव्हे, तर वर्षानुवर्षं साचून, पावसाळ्यातली दमट हवा पिऊन, मोटरच्या उष्णतेवर भाजून कडक झालेलं. नखानं उचकटलं तर पापुद्रा निघाला आणि त्याच्याखाली काँटॅक्टची तांबूस टिकली दिसली. वजनांच्या स्प्रिंगांतही तेच. सगळं कोरड्या ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ केलं. पाणी नाही, पेट्रोल तर अजिबात नाही. काँटॅक्टवर बारीक पॉलिश पेपरचा एक हात फिरवला.

दोन्ही बेअरिंगांत ग्रीसऐवजी पिठाचा लगदा होता. जुनी काढून त्याच नंबरची, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली घातली. आता पिठाऐवजी भुसा येणार, त्यामुळे सील हवंच. बेअरिंग बाहेरच्या रिंगवर ठोकून शाफ्टवर बसवू नये, हे मी मामांना सांगायला गेलो आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प झालो. चाळीस वर्षं त्यांनी बेअरिंग बसवायचंच काम केलंय.

कंडेन्सर विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणला. जुन्यावर ८०–१०० मायक्रोफॅरड लिहिलेलं होतं, तेवढ्याचाच घेतला. दुकानात मोठा घेऊन ‘जोर वाढवून’ देणारे सल्लागार भेटतात, त्यांचं ऐकू नये. स्टार्टिंगचा कंडेन्सर काही सेकंदांपुरताच वीज झेलायला केलेला असतो. पंख्यात किंवा वॉशिंग मशीनमध्ये सतत जोडलेला असतो तो वेगळ्या जातीचा, ४४० व्होल्टचा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

नवा कंडेन्सर, साफ स्विच. बटण दाबलं, मोटर झटक्यात उठली आणि अर्ध्या वाटेत आतून ‘टक्’ आवाज आला. तो स्विच उघडल्याचा. लेथवर आजही दर वेळी तो आवाज ऐकू आल्याशिवाय मामा पटाशी टेकवत नाहीत. आवाज आला नाही तर स्टार्टिंग वाइंडिंग जोडलेलंच राहतं आणि जळतं.

लेथचं स्पीड

मामांचा पहिला प्रश्न, “पंख्याचा रेग्युलेटर लावला तर?” नाही. घरघंटीची ही इंडक्शन मोटर, म्हणजे ब्रश नसलेली. तिचं स्पीड ठरतं ते चुंबकी पोलच्या संख्येवर आणि विजेच्या ५० हर्ट्झवर. चार पोलला १,५००, त्यातून घसर वजा होऊन १,४४०. रेग्युलेटर व्होल्टेज पाडतो. त्यानं स्पीड फारसं उतरत नाही, मोटर मात्र तापते. इथे तर स्पीड फार पडलं की सेंट्रिफ्यूगल स्विच पुन्हा मिटणार आणि स्टार्टिंगचा कंडेन्सर फुटणार. व्हीएफडी (विजेचे हर्ट्झच बदलणारं यंत्र) हाही याच कारणानं बाद. व्हीएफडी लावायचा मोह असेल तर घरगुती मोटरीचा नाद सोडून कारखान्यातली जुनी थ्री-फेज मोटर शोधावी. आत सिंगल फेज घेऊन बाहेर थ्री-फेज देणारे व्हीएफडी मिळतात, आणि लेथसाठी माझ्या मते ती सर्वांत चांगली जोडी आहे. पण मामांची अट आडवी आली.

मग राहिली स्टेप पुली. ३, ४ आणि ५ इंची पायऱ्यांच्या दोन सारख्या पुल्या, एकमेकींसमोर उलट्या. पट्टा कुठल्याही जोडीवर टाकला तरी जवळजवळ तेवढ्याच लांबीचा लागतो. स्पीड मिळतात ८६४, १,४४० आणि २,४००. लहान पायरी दोन इंची घेतली असती तर पल्ला वाढला असता, पण ए सेक्शनचा व्ही-बेल्ट ७५ मिलिमीटरपेक्षा लहान पुलीवर वळवला की घसरतो आणि लवकर मरतो. ३ इंच म्हणजे ७६. बरोबर काठावर.

कातारी काम करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: लाकडाचा व्यास इंचात गुणिले आरपीएम, हा आकडा ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवावा. ९ इंची पोळपाटाला ८६४ म्हणजे ७,७७६, बसलं. ५ इंची वाडग्याला १,४४० म्हणजे ७,२००, बसलं. दीड इंची लाटण्याला खरं तर ४,००० च्या वर हवं, पण २,४०० ला चालतं, फक्त पटाशी धारदार हवी आणि हात सावकाश. जास्तीपेक्षा कमी बरं. ओबडधोबड, एकीकडे जड असलेलं लाकूड तर कितीही लहान असो, आधी ८६४ लाच गोल करून घ्यायचं.

हेडस्टॉकला (लाकूड धरून फिरवणाऱ्या भागाला) मोटरचा शाफ्ट थेट वापरला नाही. २० मिलिमीटरचा वेगळा शाफ्ट, दोन यूसीपी २०४ ब्लॉकांत, म्हणजे बेअरिंग बसवलेल्या तयार आधारांत. लाकडाचे धक्के त्या बेअरिंगांनी खायचे, मोटरनं नाहीत. लेथचा पाया म्हणजे बेड, लाकडाचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक, पटाशी टेकवायची टूल रेस्ट, ही सगळी मामांची कारागिरी. बोहरी आळीतून नटबोल्ट आणि चॅनलचे तुकडे आले आणि त्या भागात मला बोलायला जागाच ठेवली नाही. फेसप्लेट (लाकूड बसवायची तबकडी) आट्यांवर बसते, त्यामुळे मोटर एकाच दिशेनं फिरेल अशी वायरिंग पक्की करून टाकली. उलट फिरली तर फेसप्लेट सुटून पोळपाटासकट बाहेर येईल.

सँडर, आणि उष्णतेचा घोळ

वॉशिंग मशीनची धुण्याच्या बाजूची मोटर ओळखायला सोपी. तीन वायरी निघतात. मीटरनं बघितलं तर कॉमनपासून दोन्हीकडे रेझिस्टन्स सारखाच येतो आणि उरलेल्या दोन टोकांत त्याच्या दुप्पट. दोन्ही वाइंडिंगं जुळी, म्हणूनच ती दोन्ही दिशांना सारख्या ताकदीनं फिरते. कंडेन्सर त्या दोन टोकांमध्ये कायमचा जोडलेला. वीज कॉमन आणि एका टोकाला दिली की एक दिशा, दुसऱ्या टोकाला दिली की उलटी. मशीनचा टायमर हेच करत असतो. आम्ही एकच दिशा ठेवली: डिस्कची जी बाजू टेबलावर खाली येते तीच वापरायची, म्हणजे लाकूड टेबलावर दाबलं जातं, उडत नाही. सहा इंची डिस्क, १,४०० च्या आसपास. कडेचा वेग सेकंदाला ११ मीटर, कडा साफ करायला पुरेसा.

पण मामा बसले ते तासभर उठलेच नाहीत आणि मोटर आपोआप बंद पडली. बॉडीला हात लावता येत नव्हता. थर्मल प्रोटेक्टरनं (मोटर फार तापली की वीज तोडणाऱ्या भागानं) वाचवली. ही मोटर मशीनमध्ये थोडा वेळ एकीकडे, मग थांबा, मग उलटीकडे अशी चालते आणि दहा-पंधरा मिनिटांत टायमर शून्यावर येतो. तो थांबा हाच तिचा पंखा. शिवाय वाइंडिंग उघडं, त्यात भुसा जाऊन बसलेला.

डबा करून झाकायची मामांची सूचना होती. झाकली तर भुसा जाणार नाही, पण हवाही जाणार नाही. त्यावर तोडगा त्यांनीच काढला, आणि तो मला फार आवडला. शेडच्या पत्र्याला आतून प्लायवूड ठोकलं, मोटर बाहेरच्या बाजूला छपराखाली टांगली, फटीतून फक्त पट्टा आत. डिस्क आत, मोटर बाहेर स्वच्छ हवेत. शिवाय मामींच्या जुन्या टेबल फॅनचं तोंड तिच्याकडे. आता ती गरम होते, बंद पडत नाही. वीस मिनिटं चालवून दहा मिनिटं विश्रांती, हा नियम मामांनी भिंतीवर खडूनं लिहिलाय. पाळतात किती ते मामींना विचारावं.

धारेचं चाक याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसलं. कमी स्पीडला पटाशीचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरत नाही, म्हणजे अठरा हजारांची गरज मुळात कधीच नव्हती.

लाइट, अर्थिंग, आणि गुरुवार

या भागावर लोक सगळ्यात कमी पैसे घालतात. शेडमध्ये वीज येत होती ती स्वयंपाकघरातून ओढलेल्या दोन तारांच्या एक्स्टेन्शननं, पुढे ६ अँपियरची पिन. एक एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडला ६ ते ७ अँपियर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. ती पिन वितळली असती. मुख्य बोर्डावरून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची केबल, सी टाइपचा एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच), १६ अँपियरचं सॉकेट आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), एवढं घेतल्याशिवाय मी वीज सोडली नाही. वॉशिंग मशीनचं अंग प्लास्टिकचं, आतल्या मोटरला अर्थ देणारी हिरवी वायर आपण मोटर काढताना कापून आलेलो असतो. ती परत जोडायला हवी. लेथचा बेड, मोटर, सँडरचं टेबल, तिन्ही अर्थ केले. आणि सॉकेटमधला अर्थ खरंच जमिनीपर्यंत पोचतो का तेही तपासलं. पोचत नव्हता. अर्थिंगचा नवा खड्डा घ्यावा लागला.

स्विचचं कारण पुण्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते. लेथ चालू असताना लाइट गेली, मामा चहाला आत गेले, टूल रेस्टवर पटाशी तशीच, आणि तासाभरानं लाइट आली. साधा स्विच असेल तर लेथ आपला आपण सुरू. त्यावेळी नातू शेडमध्ये असू शकतो. म्हणून पुश बटणाचा स्टार्टर घेतला. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय काही फिरत नाही. जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले नेमप्लेटच्या करंटवर लावला. दुकानदार शेतीपंपाचा ‘ऑटो’ गळ्यात मारत होता, लाइट आली की आपोआप चालू करणारा. शेतात रात्री-अपरात्री लाइट येते, तिथे त्याचा उपयोग असेल. लेथला तो नेमका नको तोच.

मोठं लाल बटण बेडच्या पुढच्या अंगाला, मांडीच्या उंचीवर बसवलं. हात अडकला तर गुडघ्यानं दाबता यावं म्हणून. पट्ट्यावर जाळीचं झाकण. लेथवर सैल बाही, हातमोजे, गळ्यातला मफलर यांना बंदी, आणि ही मामा स्वतः काटेकोर पाळतात. टूलरूमची सवय.

मोटर फुकट, पण दोन बेअरिंगं, कंडेन्सर, पुल्या, पट्टा, यूसीपी ब्लॉक, केबल, आरसीसीबी, स्टार्टर हे सगळं विकतचं. जुन्या बाजारातल्या त्या फ्रंट-लोडच्या मोटरीचे पैसे तर माळ्यावर पडून आहेत.

शिसवी लाटणी आता नात्यातल्या प्रत्येक घरी पोचली आहेत. बाभळीचे भोवरेही झाले. मामांना पुढे टेबल सॉ (टेबलातून वर येणारी गोल करवत) हवा होता, तो मी मोडीत काढला: १,४४० ला सात इंची पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला चौदा मीटरसुद्धा होत नाही, कापायचं पातं त्याच्या कितीतरी पट वेग मागतं, आणि गार्डशिवाय घरी केलेला टेबल सॉ बोटं मागतो. बँडसॉवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीवर) मात्र आमचं जमलंय. १२ इंची चाकं, पात्याला सेकंदाला १५ मीटरच्या आसपास वेग, म्हणजे चाक ९४० ला फिरवायचं. १,४४० च्या मोटरवर ३ इंची पुली आणि समोर साडेचार इंची धरली तर ९६० येतात. लेथची मोटर काढून द्यायला मामा तयार नाहीत, तेव्हा अजून एक घरघंटी लागणार. नातेवाइकांमध्ये निरोप गेलेत. नेमप्लेटचा फोटो आधी पाठवा, असंही त्यात सांगितलंय.